माळ्यावरून उतरलेलं विमान

विजेवर उडणारं जुनं आरसी (रेडिओ कंट्रोलवर चालणारं) विमान माळ्यावरून खाली काढलं की एक गोष्ट लगेच जाणवते: ते सगळं एकदम म्हातारं झालेलं नसतं. मोटर ठणठणीत असते, बॅटरीनं कधीच मान टाकलेली असते, सर्व्हो (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) थरथरतात, पंख धड असतात आणि पंख बांधायच्या रबरबँडचा चिकट लगदा झालेला असतो. ‘गेलं’ म्हणून आख्खं विमान भंगारात देणारा आणि ‘जुनं ते सोनं’ म्हणत तसंच उडवायला निघणारा, दोघंही घाईत असतात.

सगळ्यात आधी प्रॉपेलर काढायचा. टेबलावर मोटर अचानक फिरली तर बोटं वाचतात. बुंध्याशी पांढुरकी रेघ दिसली तर तो प्लॅस्टिकचा प्रॉपेलर मोडूनच टाकावा, म्हणजे पुन्हा मोहात पडायला नको.

मग बॅटरी. जुन्या निकॅड (निकेल-कॅडमियम) पॅकवर पांढरी पूड दिसली की सेल गळलेला. पूड व्हिनेगरच्या बोळ्यानं पुसली जाते, पण वायरचं आवरण थोडं सोलून बघावं. आत तांबं काळं पडलं असेल तर त्याला सोल्डरचा डाग धरत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापत जायचं. लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी, फुगलेली असेल, किंवा एका सेलचा व्होल्टेज 3 च्या बराच खाली गेला असेल, तर तिला चार्जर दाखवायचाच नाही. टोकांना चिकटपट्टी लावून सरळ ई-कचऱ्यात. कनेक्टर तेवढा काढून ठेवावा, आणि दोन वायरी एकदम न कापता एकेक कापावी.

ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, तपासताना बॅटरीच्या लाल वायरीत मोटारीच्या ब्रेकलाइटचा 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब मध्ये जोडावा. क्षणभर लुकलुकून विझला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि जो धूर निघायचा तो निघाला नाही. एवढ्या स्वस्त बल्बाइतकं खरं बोलणारं यंत्र दुसरं नाही.

खरी गोम आहे ती जुन्या आणि नव्याची सोयरीक जुळवण्यात. 1990 च्या दशकातल्या बऱ्याच छोट्या विमानांत जर्मनीच्या ग्राउपनर कंपनीची स्पीड 400 किंवा तिच्या जातीची कार्बन ब्रशची मोटर असायची आणि तिला सात सेलचा निकॅड पॅक, म्हणजे 8.4 व्होल्ट. दोन सेलची लिपो पूर्ण भरली की तीही 8.4 व्होल्टच दाखवते. पत्रिका जुळली असं वाटतं, पण तिथंच घोटाळा होतो. निकॅडसाठी बनवलेला ईएससी मोटर बंद करतो ती बॅटरी फार खाली उतरल्यावर. लिपोचे दोन सेल 6 व्होल्टच्या खाली गेले की बॅटरी कायमची बिघडते, आणि हा बापडा मोटर फिरवतच राहतो. म्हणून जुनाच ईएससी वापरायचा असेल तर लिपोच्या बॅलन्स प्लगला (सेलगणिक व्होल्टेज दाखवणाऱ्या छोट्या प्लगला) बझर हवा, सेलमागे 3.5 व्होल्टला वाजेल असा लावलेला.

शिवाय वजन. सात सेलचा तो पॅक सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा, नवी लिपो जेमतेम साठ ग्रॅमची. मोटरही बदलून ब्रशलेस (बिनब्रशची) बसवली तर पुढून आणखी वीसेक ग्रॅम गेले. आपण खूश, विमान हलकं झालं. विमान मात्र शेपटावर बसतं. नाकापेक्षा मोती जड असलेलं इथं चालतं, उलट बरंच असतं. पंखाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी 180 मिलिमीटर असेल तर तोल पुढच्या कडेपासून 45 ते 54 मिलिमीटरच्या दरम्यान हवा. आधी बॅटरी पुढे सरकवून बघायची. तेवढ्यानं भागलं नाही तरच शिसं.

सर्व्होकडे मात्र निवांत बसून बघावं. नऊ ग्रॅमच्या सर्व्होचा हात बोटानं गरागरा फिरवू नये, उरलेसुरले दातेही जातात. टेस्टरवर लावून सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यावा. दरवेळी एकाच जागी अडखळला आणि आतली मोटर किर्र करत राहिली, तर दाता गेला. एकाचे दाते आणि दुसऱ्याचं सर्किट गेलं असेल आणि दोन्ही एकाच बनावटीचे असतील, तर दोहोंचा मिळून एक होतो: खालचे चार स्क्रू काढायचे, वरचं झाकण उचलण्याआधी दात्यांच्या रचनेचा फोटो काढायचा आणि ग्रीस पुसायचं नाही.

दाते शाबूत असून मधोमध थरथरत असेल तर दोष आतल्या पोटेन्शिओमीटरचा, म्हणजे हात कुठं आहे ते सर्किटला सांगणाऱ्या भागाचा. विमान बहुतेक वेळ सरळच उडतं, त्यामुळे कार्बनची पट्टी नेमकी मध्यावर झिजते. टोकं नव्यासारखी राहतात. कॉन्टॅक्ट क्लीनरचा थेंब टाकला की सुधारतो, पण थोडे दिवस. असा सर्व्हो एलिव्हेटरवर (विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटाच्या फळीवर) पुन्हा लावणं म्हणजे अपघाताला आवतण. पण ज्याला मध्यावर थांबायचंच नाही अशा कामात तो वर्षानुवर्षं टिकतो: खेळण्यातल्या रेल्वेचं फाटक, पक्ष्यांच्या दाण्याच्या डब्याचं झाकण. उघड किंवा बंद, दोन्ही टोकं ठणठणीत.

सांगाड्याचं थोडक्यात. ईपीओ या लवचिक फोमचं नाक चेपलं असेल तर मोटर आणि बाकीचं सामान काढून ते उकळत्या पाण्यात काही सेकंद धरावं. चेपलेले दाणे पुन्हा फुलतात. पंखावर हा प्रयोग नको, आकार बिघडतो. साध्या थर्माकोलवर फेविक्विक टाकलं तर सांधा जुळायच्या ऐवजी खड्डाच पडतो, तिथं इपॉक्सी. बाल्सा लाकडाला फेविक्विक चालतं.

सगळं विमान गेलं तरी एक डबी भरून निघते ती बारीक सामानाची: क्लेव्हिस, हॉर्न, लिंकेज स्टॉपर (सर्व्होची तार हलत्या भागाला जोडणारे तुकडे), स्टीलची तार, प्रॉपेलर मोटरच्या दांड्यावर बसवायचे अडॅप्टर. यातलं काही फार महाग नसतं, पण ते ऑनलाइन मागवलं की कुरियरचाच खर्च जास्त. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत वायर, कपॅसिटर, कनेक्टर लगेच मिळतील. क्लेव्हिसची खात्री नाही. अडॅप्टर ठेवताना त्यावर दांड्याचं माप लिहावंच. 3 मिलिमीटर आणि 3.17 मिलिमीटर डोळ्यांना सारखेच दिसतात. मोठा अडॅप्टर बारीक दांड्यावर आवळला की घट्ट बसल्यासारखाही वाटतो, आणि पूर्ण थ्रॉटलला प्रॉपेलरसकट विमानाच्या पुढे निघून जातो.