जर्मनीच्या जंगलातली डबी आणि गोचीड

सध्या सुट्टीवर गावी आलोय, पांढरकवड्याच्या बाजूला. मे महिना, त्यामुळे गप्पा सगळ्या ऊन उतरल्यावर, ओट्यावर. तिथं माझ्या पाकिटातलं एक प्लास्टिकचं कार्ड हातोहात फिरतंय. एटीएम कार्डाच्याच मापाचं, एका कोपऱ्याला बारीक निमुळती खाच. अंगाला चिकटलेली गोचीड याने काढतात म्हटल्यावर काका म्हणाले, "मानसाले गोचीड लागते काय बे? ते तं ढोराचं काम." मायचं म्हणणं वेगळंच : "येवढ्याशा जिवाले कार्ड काहून पायजे?" या दोघांसाठी, आणि ऑक्टोबरात शिकायला जर्मनीला निघालेल्या भाच्यासाठी, एकदाचं सगळं लिहून टाकतो.

मी राहतो फ्रायबुर्गला, ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी. सुट्टीच्या दिवशी आम्ही नवराबायको जिओकॅशिंगला जातो. कोणीतरी जंगलात एक डबी लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकलेले असतात. मोबाइल हातात धरून आपण तिथं पोचायचं, डबी शोधायची, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि डबी होती तशी परत ठेवायची. बक्षीस वगैरे काही नाही. 2 मे 2000 ला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर या माणसाने ओरेगॉन राज्यात एक बादली लपवून हा खेळ सुरू केला. आता जर्मनीत जिथं जाल तिथं डब्या आहेत. काकांना हे रिकामटेकड्या लोकांचे धंदे वाटतात. त्यांचं अगदीच चूक आहे असं नाही.

गोचिडीचा प्रश्न येतो तो शेवटच्या दहा-पंधरा पावलांत. तोवर आपण नीट आखलेल्या पायवाटेवर असतो आणि तिथं फारसं काही लागत नाही. पण झाडीखाली जीपीएस नेम धरत नाही. बाण एकदा डावीकडे दाखवतो, एकदा मागे. मग वाट सोडून नेचे आणि रानवेली तुडवत गोल गोल फिरायचं, बुंध्याशी गुडघे टेकायचे, कुजक्या ओंडक्याखाली हात घालायचा. एप्रिलमध्ये तिथं रानलसणाचा हिरवा गालिचा असतो, सगळ्या जंगलाला लसणासारखा वास येतो. त्याच पानांच्या टोकाला गोचीड बसलेली असते.

ती झाडावरून अंगावर पडते, हे तिकडचे म्हातारे लोकसुद्धा सांगतात. ते खरं नाही. तिला उडी मारता येत नाही, उडताही येत नाही. गवताच्या किंवा झुडपाच्या टोकाशी, बहुतेक गुडघ्याच्या उंचीच्या आत, पुढचे दोन पाय पसरून ती वाट बघत राहते. त्या पायांवरच्या इंद्रियाने तिला आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब कळते. आपण घासून गेलो की ती कपड्याला धरते आणि चढत चढत मऊ जागा शोधते. तापमान सात अंशांच्या आसपास गेलं की ती जागी होते, म्हणजे थंडी पुरती सरलेलीही नसते. तिला जमिनीलगत ओल लागते. आपल्याकडे मे महिन्यात सागाच्या जंगलात पानं पायाखाली कडकड वाजतात, तशा कोरड्यात ती जात टिकायचीच नाही.

म्हणून वाट सोडायची तर फुल पँट, फिक्या रंगाची, आणि पायमोजे पँटच्या वरून. दिसायला ध्यान दिसतं, पण काळा ठिपका वर चढताना दिसतो तरी. शिवाय अंगाला गोचीड दूर ठेवणारा, इकारिडिन नाहीतर डीईईटी असलेला फवारा. तोही काही तासांनी उतरतो. माझा खरा भरवसा घरी आल्यावरच्या तपासणीवर. कपडे तडक ड्रायरमध्ये, कारण धुण्याने गोचीड हमखास मरत नाही, कोरड्या उष्णतेने मरते. मग अंघोळ, आणि एकमेकांचं अंग बघणं : गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, बेंबीत, कानामागे, केसांच्या कडेला.

मागच्या महिन्यात बायकोच्या गुडघ्यामागे खसखशीच्या दाण्याएवढा ठिपका होता. तीळच वाटला, पण मोबाइलचा उजेड धरल्यावर पाय दिसले. ही अर्धवट वाढीची अवस्था सगळ्यांत त्रासदायक, कारण नजरेतून सुटते. बारीक टोकाच्या चिमट्याने अगदी कातडीलगत, तोंडाशी धरलं आणि हळूहळू सरळ ओढत राहिलो. कातडी जराशी उचलली गेली, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग ती अखंड सुटून आली. तेल, तूप, रॉकेल, उदबत्तीचा चटका यातलं काही करायचं नाही. पोट दाबायचं नाही. तसं केलं तर तिच्या पोटातलं आपल्या रक्तात उतरायची भीती. सोंडेचा तुकडा आत राहिला तर सुईने टोकरत बसू नये, कातडी तो आपोआप बाहेर टाकते. जागा निर्जंतुक केली, पेनाने गोल काढला, फोटो घेतला, कॅलेंडरवर तारीख लिहिली.

तारीख का, तर गोचिडीतून येणाऱ्या लाइम आजारासाठी. चावल्यावर साधारण तीन दिवस ते महिनाभरात तिथं लाल चट्टा उठून पसरत गेला, कधी मधे फिका होऊन कडं उमटलं, तर डॉक्टरकडे जायचंच. जंतू बोरेलिया नावाचा आणि वेळेत डॉक्सिसायक्लिनसारखं प्रतिजैविक घेतलं की बरं वाटतं. दुर्लक्ष केलं तर सांधे, नसा, हृदय यांच्यापर्यंत प्रकरण जातं. दिलासा एवढाच की तो जंतू अंगात उतरायला बहुतेक वेळा बरेच तास लागतात. संध्याकाळच्या तपासणीचा उपयोग होतो तो त्यामुळेच.

दुसरा आजार विषाणूचा, मेंदूला सूज आणणारा, तिकडे एफएसएमई म्हणतात. हा विषाणू गोचिडीच्या लाळेतच असतो, त्यामुळे चावल्यावर लगेच उतरू शकतो. त्यावर नेमकं औषध नाही, लस मात्र आहे. लाइमचं याच्या उलट : औषध आहे, माणसासाठी लस सध्या नाही. रॉबर्ट कॉख ही तिकडची सरकारी आरोग्य संस्था दरवर्षी धोक्याच्या जिल्ह्यांची यादी काढते, त्यात बाडेन-वुर्टेमबर्ग आणि बव्हेरिया ही दोन राज्यं जवळपास पूर्ण येतात.

हे ऐकल्यावर काका म्हणाले, तिकडची हवाच खराब. तसं नाही. एफएसएमईचा चुलतभाऊ आपल्या देशात आहे. 1957 मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली तेव्हा तो सापडला. तोही गोचिडीतूनच येतो. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे त्याला माकडताप म्हणतात. विदर्भात तो नाही, पण ढोरांचा गोचीड ताप काकांना चांगला ठाऊक आहे, जर्सी गाय घेतली तेव्हापासून. कोठ्यात ते बैलाच्या कानामागून, वशिंडाखालून टपोऱ्या गोचिडी उघड्या हाताने काढतात आणि अंगठ्याने दगडावर चिरडतात. ते मला बघवत नाही. 2011 मध्ये गुजरातेत क्रिमियन काँगो तापाने माणसं दगावली, तो ताप गोचीड हाताने चिरडूनही लागतो. हातमोजे घाला म्हटलं तर हसतात. निदान साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका, यावर तडजोड झाली आहे.

आणि स्क्रब टायफस हा ताप तर आपल्या दारातलाच. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याचे रुग्ण सापडले होते. तो गोचिडीमुळे होत नाही, गवतातल्या बारीक किड्याच्या पिल्लांमुळे होतो, म्हणजे नात्यातलंच प्रकरण. ताप, डोकेदुखी आणि चावल्या जागी काळी खपली. खपली काखेत नाहीतर कमरेच्या नाडीखाली लपलेली असते आणि दुखत नाही, म्हणून कोणी दाखवतच नाही. निंदण करून, ढोरांचं गवत कापून आलं की अंगावरचे कपडे बदलून अंघोळ करायची, एवढं तरी मायने मान्य केलंय. ताप आला तर डॉक्टरला "गवतात काम करतो" हे आपणहून सांगायचं. यावरही वेळेत दिलं तर डॉक्सिसायक्लिनच चालतं.

एफएसएमईच्या लसीवरून भाच्याचा प्रश्न होता, "मामा, लस घेतल्याबिगर तिथं जाऊ देत नाहीत का?" जाऊ देतात रे, सक्ती नाही. पण ऑक्टोबरात पोचलास की थंडीतच पहिला डोस घे, दुसरा महिन्याभराने. म्हणजे वसंतात जंगलात फिरायच्या आत संरक्षण तयार. तिसरा त्यानंतरच्या वर्षभरात, कंपनीप्रमाणे महिने बदलतात, ते डॉक्टर सांगतील. धोक्याच्या जिल्ह्यात राहणार असशील तर सरकारी विमा याचे पैसे देतो. खासगी घेतलास तर सुई टोचून घ्यायच्या आधी त्यांना एक मेल टाक.