तुम्ही विचारलंत म्हणून: हातोहात फिरणारी पन्नी

"सर, पोरानं मित्रांना नाही कसं म्हणायचं, ते तुम्हीच सांगा ना त्याला." नागपूरच्या मानेवाड्यातल्या माझ्या शिकवणीच्या दाराशी दरवर्षी कुणी ना कुणी आई हा प्रश्न घेऊन थांबते. परवा आलेल्या ताईंच्या मुठीत मुलाच्या खिशात सापडलेली खर्ऱ्याची, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची, प्लास्टिकची पन्नी होती. त्यांना तेव्हा धड उत्तर देता आलं नाही, म्हणून आज लिहितो.

ताई, मला स्वतःला नाही म्हणता आलं नव्हतं.

अकरावीत होतो. शिकवणी सुटली की आम्ही पाच जण सायकली घेऊन सक्करदऱ्याकडच्या एका पानठेल्यावर थांबायचो. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून ठेलेवाला खर्रा घोटायचा. पाच जणांत मिळून एकच खर्रा घ्यायचो आणि पन्नी हातोहात फिरायची. कुणी धमकावलं नाही की चिडवलं नाही. "घे ना बे," एवढंच. हे मुद्दाम सांगतो, कारण दबाव म्हटलं की आईबापांच्या डोळ्यांपुढे दादागिरी करणारा एखादा वाया गेलेला पोरगा येतो. आमच्यात तसा कुणीच नव्हता. माझे वडील मेडिकलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, भरती होते तेव्हा रात्रभर माझ्यासोबत वऱ्हांड्यात बसून राहिला, त्याच मित्रानं ती पन्नी माझ्यापुढे धरली होती. त्याचा हात मागे सारणं मला जमलं नाही. तुमच्या मुलालाही ते सोपं जात नसेल.

त्या वयात डोकंही साथ देत नाही. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये एक प्रयोग मांडला. संगणकावर गाडी चालवायचा खेळ, आणि कुठे थांबायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. १३ ते १६ वर्षांची मुलं मित्र शेजारी असले की एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त धोका पत्करायची. चोविशीपुढच्या माणसांना मित्र असले-नसले तरी फारसा फरक पडत नव्हता. घरी आईसमोर शपथ घेणारा मुलगा ठेल्यावर वेगळा वागतो, तेव्हा घरी तो खोटंच बोलला होता असं मानू नका.

मी सुटलो तो एका संध्याकाळमुळे. पाचांतला एक जण घराकडे येताना सायकल हळू करून म्हणाला, "मले नाही आवडत बे हे. तोंड जळते." मी म्हणालो, "मले बी." दुसऱ्या दिवशी पन्नी आली तेव्हा त्यानं मान हलवली. पुढचा मी होतो, मीही हलवली. बाकीचे तिघं आपल्या गप्पांत होते. कुणी काही बोललं नाही! वर्षभर ज्याची धास्ती होती ते घडलंच नाही.

पुढे बी. एड. करताना सॉलोमन ॲश यांचे १९५० च्या दशकातले प्रयोग वाचले आणि ती संध्याकाळ आठवली. समोरच्या रेघांपैकी कोणत्या दोन सारख्या, एवढंच सांगायचं होतं. पण ज्याची परीक्षा असायची तो एक सोडून बाकीचे सगळे आधी ठरवून एकसुरात चुकीचं उत्तर द्यायचे, आणि खरं दिसत असूनही अशा परीक्षा दिलेल्या चारांतले तिघं निदान एकदा तरी त्यांच्यामागे जायचे. पण सोबतचा एक जण जरी खरं बोलला, तर हे वाहून जाणं एकदम घटायचं. एकच माणूस पुरायचा.

म्हणून माझं उत्तर असं आहे. मुलाला 'नाही म्हण' असं शिकवत बसू नका, त्याच्या घोळक्यातला तो एक शोधा. तो बहुतेक असतोच, फक्त तोही गप्प असतो. सगळे मित्र तोडायला लावलंत तर त्यांच्याबरोबर तोही जाईल.

घाई मात्र करा. सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी ताठ होत जाते. आधी तिखट सोसत नाही, मग तोंड उघडेनासं होतं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जायला हवीत. आमच्या गल्लीतल्या एका दादाची दीडच जायची. सावजीच्या झणझणीत तिखटाच्या घरात वाढलेला माणूस, वरणभात कालवून खायचा. मुलाला आरशासमोर तीन बोटांनी बघायला सांगा. जात नसतील, तर मेडिकलजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात त्याच आठवड्यात न्या. सवय जडली असेल तर तंबाखू सोडण्यासाठी केंद्र सरकारची १८००-११२-३५६ ही मोफत हेल्पलाइन आहे. आणि अठराच्या आतल्या मुलाला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. ठेलेवाल्याशी हे तुम्ही बोला, त्या भांडणात मुलाला उभं करू नका.

ताई, ती पन्नी त्याच्यापुढे नाचवू नका आणि "कोण देते तुले?" असंही विचारू नका. तो नाव सांगणार नाही, मीही सांगितलं नव्हतं. शिकवणी सुटल्यावर तुमच्या मुलाबरोबर एक बारीकसा मुलगा असतो. चौकापर्यंत दोघं सायकली हातात धरून बोलत जातात, मी रोज बघतो. रविवारी तर्री पोहे करा आणि म्हणा, त्यालाही घेऊन ये.