एवढा शूर माणूस, मग असं कसं?

२६ जुलै, कारगिल विजय दिवस, जवळ आला की मला हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षिका, लग्नात भेटलेले लांबचे पाहुणे, कधी दुकानदार. "तुमचे भाऊ कारगिलला होते ना? तिथून सुखरूप आले, मग एवढ्या शूर माणसानं आत्महत्या कशी केली?" विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा माया असते, म्हणून मला राग येत नाही. काही जण त्यापुढे जाऊन नेमकं काय केलं, कुठे केलं, हेही विचारतात. ते मी कोणालाच सांगत नाही. ते ऐकून कोणाचं भलं होत नाही, आणि ऐकणाऱ्यात कोणी स्वतःच त्या काठावर उभा असला तर त्याचं वाईटच होतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र देते. उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

दादा तोफखान्यात होता. मोहोळ तालुक्यातलं आमचं गाव, घरची शेती थोडी आणि तीही पावसाच्या भरवशावर. एकोणिसाव्या वर्षी तो भरती झाला, नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात ट्रेनिंग झालं. १९९९ च्या उन्हाळ्यात, कारगिलच्या लढाईत, त्याची रेजिमेंट तिथल्या द्रास भागात होती. पायदळाचे जवान रात्री कडे चढायचे आणि खालून तोफा शिखरांवर मारा करायच्या. बोफोर्सचा एक गोळा ४० किलोच्या वर भरतो. असे गोळे उचलायचे, भरायचे, आणि पलीकडून उलटा मारा सुरू झाला तरी तोफ सोडायची नाही. त्या लढाईत आपल्या बाजूने तोफगोळे आणि रॉकेटं मिळून सुमारे अडीच लाखांचा मारा झाला, असं सांगतात. दादा आकड्यांत बोलायचा नाही. टोलोलिंगचं शिखर घेतलं त्या दिवसाबद्दल आम्ही विचारलं की म्हणायचा, "आवाज लई होता." त्याच्या तोफेवरचा एक मुलगा तिथेच गेला. त्याच्याबद्दल दादा एवढंच सांगायचा, की त्याला चहात साखर जास्त लागायची.

पुढे काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्समध्ये एक टर्म झाली. मग हवालदार होऊन तो पेन्शनवर घरी आला, तेव्हा चाळिशीही झाली नव्हती. सोलापुरात रेल्वे लाइन्स भागात घर भाड्याने घेतलं आणि एका बँकेत गार्ड म्हणून लागला.

लांबून बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसायचं. कपड्याला इस्त्री, दाढी रोजच्या रोज, बोलणं मोजकं. घरात मात्र वेगळं होतं. हॉटेलात गेलो तरी तो भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायचा. डाव्या कानात दिवसरात्र शिट्टी वाजायची. रात्री दीड-दोनला उठून सगळ्या कड्या तपासायच्या आणि मग पहाटेपर्यंत ओट्याजवळ स्टुलावर बसून राहायचं. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत दिवसा तो माझ्या पोरीला खांद्यावर घेऊन फिरवायचा, नंदीध्वज दाखवायचा, पाळण्यात बसवायचा. पण होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं त्या दिवशी संध्याकाळची एसटी पकडून गावी जायचा. अख्खं सोलापूर ज्या रात्री मैदानावर लोटायचं त्या रात्री तो रानात, विहिरीवर झोपायचा. "पाणी द्यायचंय," म्हणायचा. जानेवारीत ज्वारी उभी असते, तेव्हा कारण खोटं वाटायचं नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. शौर्य आणि हा त्रास यांचं एकमेकांशी वैर नाही. दोन्ही एकाच माणसात, एकाच वेळी राहतात. द्रासला रात्र रात्र जागणं हीच नोकरी होती, जो जागा राहील त्याच्यावर बाकीच्यांचा जीव. शरीर ते शिकलं आणि चांगलं शिकलं. घरी आल्यावर त्या शरीराला कोणी सांगितलंच नाही की ड्युटी संपली. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, इंग्रज डॉक्टर या त्रासाला 'शेलशॉक' म्हणू लागले. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आजारांच्या यादीत त्याची पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक आजार, म्हणून नोंद केली. म्हणजे शंभरहून जास्त वर्षं डॉक्टरांना हे माहीत आहे. आमच्या घरात मात्र ते दादाच्या 'स्वभावा'त जमा होत राहिलं.

कारण एकच होतं असंही नाही, आणि माणूस एका कारणाने जात नाही हे मला अगदी ठासून सांगायचंय. लोकांना एक कारण हवं असतं. बायकोशी भांडण, कर्ज, दारू. दादाच्या बाबतीत झोप नव्हती, कान होता, दुखरे गुडघे होते, झोप यावी म्हणून सुरू झालेली दारू होती. जिथे शंभर जण 'हवालदार साहेब' म्हणायचे तिथून येऊन 'ओ वॉचमन' ऐकायची सवय करून घ्यायची होती. आणि या सगळ्यावर एक न बरा झालेला आजार होता. वहिनी डॉक्टरकडे चला म्हणाल्या की तो म्हणायचा, "मी काय येडाय का?" मानसोपचार म्हणजे वेड, आणि वेड म्हणजे पोरांच्या सोयरिकी अडणार, हे त्याच्या मनात पक्कं बसलेलं. त्याला हे कोणी शिकवलं? आपण सगळ्यांनीच. सोलापुरात हाड मोडलं तर दवाखान्याचं नाव माणूस चारचौघांत सांगतो, पण मनाच्या डॉक्टरकडे जायचं तर पुण्याला जातो, ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून.

दादा गेल्यानंतर काही वर्षांनी जे घडलं ते त्या माणसाची परवानगी घेऊन लिहितेय. ते दादाच्याच बॅटरीतले, म्हणजे तोफखान्याच्या त्याच तुकडीतले, आपल्याच जिल्ह्यात राहतात, तेही बँकेत गार्ड होते. एका दुपारी त्यांच्या बायकोचा वहिनींना फोन आला. "हे चार दिवस झाले जेवत नाहीत. काल डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ, सगळी कागदं काढली आणि मला एकेक समजावून सांगितलं. आज सकाळी एकदम शांत आहेत." ते शेवटचं वाक्य ऐकून वहिनी उठल्याच. दादानेही असंच केलं होतं, कागदं नीट लावून प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये, वर नावं घालून.

आम्ही दोघी गेलो. ते अंगणात बाजेवर बसले होते, आम्हाला बघून उठले, "या वहिनी," म्हणाले, पाणी मागवलं. वहिनींनी पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला आणि सरळ विचारलं, "भाऊजी, जीव द्यायचं मनात येतंय का?"

अंगणात त्यांची सून होती, ती दचकून आत गेली. ते बराच वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, "येतंय."

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं."

वहिनींनी उपदेश केला नाही. 'बायकापोरांचा विचार करा' असं तर अजिबात म्हणाल्या नाहीत. त्यांचं मत आहे, आणि मला ते शंभर टक्के पटतं, की अशा वेळी माणूस बायकापोरांचाच विचार करत असतो, फक्त त्याचं डोकं त्याला सांगत असतं की तू गेलास म्हणजे ती सुटतील. त्या म्हणाल्या, "आमचे गेले. आम्ही सुटलो नाही, भाऊजी." त्यानंतर ते रडले. दोन तास बोलले. द्रासबद्दल थोडं, बँकेतल्या नोकरीबद्दल पुष्कळ.

असं थेट विचारलं तर नको तो विचार आपणच डोक्यात घालू, अशी भीती सगळ्यांना वाटते. तसं होत नाही. मानसोपचारतज्ज्ञ हेच सांगतात, या गोष्टीचा अभ्यासही झालेला आहे. विचार आधीच तिथे असतो. विचारल्याने तो एकट्याचा राहत नाही. फक्त विचारल्यावर उत्तर ऐकायला थांबायची तयारी हवी.

त्या रात्री त्यांचा मेहुणा त्यांच्याजवळ झोपला. गार्डच्या नोकरीमुळे घरात परवान्याची बंदूक होती. ती त्यांच्याच संमतीने पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतली, निवडणुकीच्या वेळी करतात तशी. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण माजी सैनिकांच्या घरी हत्यार असणं आपल्याकडे नवलाचं नाही. ती तीव्र घटका येते आणि ओसरते, कधी काही मिनिटांत, कधी काही तासांत. तेवढ्या वेळात धोक्याची वस्तू हाताशी नसली तर माणूस वाचू शकतो. हत्यार असो, शेतातली औषधं असोत, काही दिवस दुसऱ्याकडे जाऊ देत. त्यात त्याचा अपमान नाही.

दुसऱ्या दिवशी ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकला कार्ड दाखवून रेफरल घेतलं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. ज्यांच्याकडे हे कार्ड नाही त्यांच्यासाठी आपल्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथे केसपेपर काढून दाखवता येतं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि घरच्यांची खरी परीक्षा त्याच आठवड्यांत असते. 'काहीच फरक नाही' म्हणून पुष्कळ जण तिथेच औषध सोडतात. ह्यांची बायको रोज जेवणानंतर गोळी हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर बसायची. सोबत बोलण्याचे उपचारही चालू होते. बरं व्हायला वेळ लागला, मधे एकदा पुन्हा घसरले, पुन्हा सावरले.

पोलिसांची भीती अजून घराघरात आहे, तिच्याबद्दलही सांगते. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, म्हणून लोक दवाखान्यात न्यायलाही घाबरायचे किंवा खोटं कारण सांगायचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असंच धरायचं आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारची, असं ठरवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं ते जुनं ३०९ कलम उरलेलंच नाही. दवाखान्यात एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, होते, जबाब घेतात, तेवढं होऊ द्यावं. डॉक्टरांना मात्र खरं सांगावं, उपचार त्यावरच ठरतात.

आणि रात्री-अपरात्री कोणीच जवळ नसेल तर १४४१६ हा नंबर आहे, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. सैन्यदलातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या एएफएमसीमध्ये, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, डिसेंबर २०२३ मध्ये टेलिमानसचा वेगळा कक्षही झाला. जवानाची बायकोही फोन करू शकते, स्वतःसाठीसुद्धा. जीवाला आत्ताच धोका दिसत असेल तर ११२ लावा आणि माणसाला एकटं सोडू नका.

दादाची आठवण काढताना शेवटच्या दिवसापासून सुरुवात करू नका, एवढं मागणं आहे. त्याच्या आयुष्यात तो एक दिवस होता. त्याआधी तो पहाटे पाचला पोरांना विजापूर रोडला पळायला न्यायचा, भरतीच्या तयारीला. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत यायलाच हवं, म्हणून हातात स्टॉपवॉच घेऊन ओरडायचा. पळणं झालं की शेंगाचटणी आणि भाकरी स्वतः वाढायचा, उपाशीपोटी कोणाला घरी जाऊ द्यायचा नाही. त्यातली काही पोरं आज फौजेत आहेत. सुट्टीवर आली की घरी येतात, फोटोला सॅल्यूट करतात, आणि मी त्यांनाही झोप लागते का म्हणून विचारते. सुरुवातीला लाजायची. आता एक-दोघं खरं सांगतात.

तो गेला तेव्हा कितीतरी लोक आलेच नाहीत. काय बोलावं कळलं नसेल. शेजारच्या पद्मशाली कुटुंबातल्या आजी मात्र रोज यायच्या, तेराव्यानंतरही. त्यांना मराठी जेमतेम येतं. येऊन भाजी निवडत बसायच्या आणि मधेच म्हणायच्या, "तुमचा भाऊ लई सरळ, माझं सिलिंडर तोच चढवायचा." वहिनींना त्या दिवसांत दुसऱ्या कुठल्याही सांत्वनाचा तेवढा आधार वाटला नाही.

आता वहिनींचं काम वेगळंच सुरू झालंय. अशा घरातल्या बायकांना पहिली धास्ती पैशांची असते. कोणीतरी सांगून ठेवतं की आत्महत्या केली म्हणजे पेन्शन बंद. तसं नाही. पेन्शनर सैनिक गेला की त्याच्या पत्नीला फॅमिली पेन्शन मिळते, मृत्यू कसा झाला यावर ती थांबत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात यासाठी मदत मिळते, पण तिथपर्यंत जायलाच काही जणींना लाज वाटते. वहिनी त्यांच्यासोबत जातात. मृत्यूचा दाखला, पीपीओ, जोडफोटो, बँकेचं पासबुक, नावात एखाद्या अक्षराचा फरक असेल तर काय करायचं, हे सगळं त्यांना पाठ आहे. सोलापुरात किंवा आसपासच्या तालुक्यांत अशी कोणी तुमच्या ओळखीची असेल तर तिला सैनिक कल्याण कार्यालयात घेऊन जा, आणि आत जाताना तिच्यासोबत राहा. बाहेर गाडीवर बसून थांबू नका.