बसऱ्याला गेलेला शिपाई शोधताना: गाव, तहसील, बेळगाव, दिल्ली

पणजोबा 'जर्मनच्या लढाईला' गेले आणि 'बसऱ्याकडे' (आजच्या इराकमध्ये) वारले, एवढ्याच माहितीवर बरेच जण थेट बेळगाव गाठतात आणि रिकाम्या हाताने परततात. कारण साधे आहे. पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायाची वैयक्तिक कागदपत्रे अपवादानेच उरली आहेत, आणि नुसत्या नावावर शोधायला गेले तर त्या नावाचे पन्नास जण सापडतात. हवा असतो तो पलटणीचा आकडा आणि शिपायाचा नंबर, दोन्ही एकत्र. नंबर पलटणीपुरताच असे, त्यामुळे तोच नंबर चार पलटणींत चार वेगळ्या माणसांचा असू शकतो. म्हणून ही फेरी गावापासून सुरू केली आणि दिल्लीला संपवली. कामाचे सहा दिवस लागले. त्यातले दोन एकट्या तहसील कचेरीत गेले, आणि ते सर्वांत सार्थकी लागले.

गावात पहिल्यांदा पदके पाहावीत. १९१४-१५ चा स्टार असेल तर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण त्याच्या सपाट पाठीवर ठोकलेली असतात. ब्रिटिश वॉर मेडल (३६ मिमी व्यासाचे, चांदीचे) आणि व्हिक्टरी मेडल यांवर तीच अक्षरे कडेवर असतात. कडेची अक्षरे वाचायला उजेड बाजूने तिरपा पाडावा आणि मोबाइलने चारही बाजूंचे फोटो घ्यावेत. चिंच, राख, पितांबरी काहीही लावू नये. घासून घासून कडेचा नंबर गुळगुळीत झालेली पदके आम्ही पाहिली आहेत, आणि गेलेला आकडा परत येत नाही. घरात फक्त व्हिक्टरी मेडल उरले असेल तर चांदीचे कधीतरी मोडीत गेले असे धरावे, कारण व्हिक्टरी मेडल एकटे दिले जात नसे. वॉर मेडल ब्राँझचे निघाले तर शोधाची दिशाच बदलते. ती व्यक्ती लढाऊ पलटणीत नव्हती, लेबर कोअर किंवा तत्सम सेवकवर्गात होती. दुसऱ्या महायुद्धातल्या हिंदी सैनिकांच्या पदकांवरही पुष्कळदा नाव कोरलेले सापडते, तेव्हा तीही उलटून पाहावीत.

साताऱ्याच्या अपशिंगे (मिलिटरी) सारख्या गावांत १९१४-१९१९ च्या युद्धाची संगमरवरी पाटी आहे. अशा सरकारी पाट्यांवर किती जण गेले आणि किती मेले एवढेच आकडे असतात, नावे नसतात. फोटो घ्यावा, पण वेळ तहसीलसाठी राखावा.

तहसीलच्या अभिलेख कक्षात मागायचे ते जुने फेरफार आणि हक्क नोंद. परदेशी मेलेल्या शिपायाची नोंद कोतवाल बुकात शोधण्यात अर्थ नाही, मृत्यू गावात झालेलाच नसतो. पण जमीन असेल तर 'खातेदार मयत' म्हणून वारस फेरफार होतोच, आणि त्यातल्या तारखेवरून, वारसांच्या नावांवरून घरातल्या गोष्टीतले साल पक्के करता येते. लढाईबद्दल जंगी इनाम किंवा जमीन मिळाली असेल तर त्याचा मागही इथेच लागतो. अर्जात गटनंबर लिहून भागत नाही, जमिनींच्या एकत्रीकरणाआधीचा सर्व्हे नंबर द्यावा लागतो. तो काढूनच जावे, नाहीतर एक दिवस फुकट जातो. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख 'आपले अभिलेख' या सरकारी पोर्टलवर स्कॅन केलेले आहेत, ते घरूनच तपासावेत. जुनी पाने मोडी लिपीत असतात. नकला घेऊन मोडी वाचणाऱ्याकडे द्याव्यात, खिडकीवर उभ्याने अंदाज बांधू नये.

आता कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची (दोन्ही महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणारी संस्था) यादी. ही इंटरनेटवर फुकट आहे, आणि फक्त मृतांची आहे: पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. परत आलेला माणूस इथे सापडणार नाही. पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो, आणि तीच खरी ओळख. इंग्रज कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिले आहे, म्हणून पवार हे पोवार आणि पुआर, शिंदे हे सिंदे, जाधव हे जाधो आणि जाडाव, भोसले हे भोंसले अशा सर्व रूपांनी शोधावे. कित्येकदा आडनावाच्या रकान्यात पूर्ण नाव किंवा नुसते पहिले नावच बसवलेले असते. त्यापेक्षा सोपा मार्ग असा की, नाव रिकामे ठेवून फक्त पलटण घालावी, सगळी यादी उतरवून घ्यावी आणि गावाच्या नावावरून चाळावी.

जिल्हा मात्र तेव्हाचा धरायचा. आजच्या सांगलीतले वाळवा, तासगाव, खानापूर तेव्हा साताऱ्यात होते. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता. रायगड म्हणजे कुलाबा. फलटण, औंध, भोर, सावंतवाडी ही संस्थाने, त्यांची नोंद संस्थानाच्या नावाने येऊ शकते.

मराठ्यांच्या तीन पलटणी मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या: १०३, ११० आणि ११७. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. त्यानंतर तुर्कांच्या कैदेतल्या हिंदी शिपायांना रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर जुंपले. घरात 'पत्र यायचे बंद झाले ते १९१६ ला' असे सांगत असतील तर आधी या तीन पलटणी पाहाव्यात. मेसोपोटेमियात हरवलेल्यांचे स्मारक बसऱ्याचे, पण तिथल्या फलकांवर हिंदी शिपायांची नावे कोरलीच नव्हती, पलटणवार संख्या होत्या. नावे छापील रोल ऑफ ऑनरमध्ये (मृतांच्या नामावलीत) आहेत. ते स्मारकही १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर बांधले गेले. म्हणून नाव पाहायला म्हणून इराकचा खर्च करू नये.

खडकीच्या युद्ध स्मशानभूमीत अर्धा तास पुरेसा आहे. मुळा रोडवरची ही जागा नीटनेटकी आणि शांत आहे, पण १९१४-१८ च्या तिथल्या स्मारकावरची १८०० हून अधिक नावे मुख्यतः भारतात मेलेल्या ब्रिटिश सैनिकांची आहेत. मराठा शिपाई तिथे शोधू नये.

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर आहे. लष्करी परिसर असल्याने आधी पत्र पाठवून वेळ ठरवावी आणि ओळखपत्राची मूळ प्रत जवळ ठेवावी. सेवेच्या नोंदी सेंटरकडे नसतात, त्या रेकॉर्ड्स ऑफिसकडे मागायच्या. माणूस दुसऱ्या महायुद्धातला किंवा नंतरचा असेल तर 'लाँग रोल' चा (भरती झालेल्यांच्या नोंदवहीचा) उतारा मागावा. पेन्शन नसलेल्यांची शीट रोल (शिपायाची वैयक्तिक सेवानोंद) व इतर कागदपत्रे २५ वर्षांनी नष्ट होतात, लाँग रोल मात्र ठेवला जातो, आणि नेमका हा शब्द अर्जात नसल्यामुळे 'कागदपत्रे उपलब्ध नाहीत' असे उत्तर येते.

पलटणींची नावे १९२२ च्या फेररचनेत बदलली हेही ध्यानात ठेवावे. १०३ वी झाली ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन (आजची जंगी पलटण), १०५ वी दुसरी (काळी पाचवी), ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी. यातली तिसरी पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, आज ती २ पॅरा आहे. ११० वीच्या परंपरेचा माग बेळगावपुरता थांबत नाही. पूर्वज सॅपर (लष्करी इंजिनिअर दलातला शिपाई) असेल तर बॉम्बे इंजिनिअर ग्रुप खडकीला आहे, महार रेजिमेंटचा असेल तर सेंटर सागरला आहे. ही रेजिमेंट १९४१ ची, त्यामुळे पहिल्या युद्धातला महार शिपाई १९१७ च्या १११ व्या महार पलटणीत शोधावा.

दिल्लीला जनपथवरचे राष्ट्रीय अभिलेखागार. जाण्यापूर्वी त्यांच्याच अभिलेख पटल या पोर्टलवर नोंदणी करून फाइलींचे क्रमांक टिपून न्यावेत. तिथे जाऊन सूची चाळण्यात दिवस जातो. परदेशस्थ मराठी मंडळींकडे परदेशी पासपोर्ट असेल तर परिचयपत्र लागते, ते दूतावास किंवा विद्यापीठाकडून आधीच घ्यावे. शिपायाच्या नावाची फाइल शोधू नये. शोधायची ती पलटणीची युद्ध डायरी, म्हणजे युद्धकाळातली रोजची नोंदवही. लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्येही पहिल्या युद्धाच्या डायऱ्या डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत, आणि त्या ब्रिगेडवार लावल्या आहेत. त्यासाठी ६ व्या (पुणे) डिव्हिजनची रचना माहीत हवी: ११७ वी १६ व्या ब्रिगेडमध्ये, १०३ री १७ व्या आणि ११० वी १८ व्या ब्रिगेडमध्ये होती. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा बटालियनांसाठी डब्ल्यूओ १७० पाहावे. डायरीत शिपायाचे नाव क्वचितच येते, पण त्या दिवशी त्याची पलटण कोणत्या खंदकात होती, किती जखमी झाले, शिधा किती उरला होता हे कळते.

पूर्वज जमादार किंवा सुभेदार असेल तर इंडियन आर्मी लिस्टमध्ये हुद्द्याच्या तारखेसह नाव मिळते. काही वर्षांचे खंड इंटरनेट आर्काइव्हवर वाचता येतात. लाहोर संग्रहालयातल्या सुमारे ३,२०,००० नावांच्या रजिस्टरांबद्दल बरेच जण विचारतात. ती फक्त पंजाबची आहेत.

कमिशनच्या नोंदीत गावाचे नाव चुकलेले आढळले तर दुरुस्तीसाठी लिहिता येते. सोबत पदकाच्या कडेचे फोटो, वारस फेरफाराची नक्कल आणि तिचे इंग्रजी भाषांतर जोडावे. नुसते 'आमच्या घरात असे सांगतात' एवढ्यावर दुरुस्ती होत नाही.