जखम भरेपर्यंत चिकूला आवरताना

नसबंदीच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी माझी कुत्री चिकू सोफ्यावर झेपावली आणि माझ्या पोटात गोळा आला. भूल उतरली की कुत्र्यांना बरं वाटू लागतं, पण जखम आतून ओलीच असते. म्हणून १० ते १४ दिवस उड्या, पळापळ, आंघोळ बंद. बाहेर फक्त शी-शूपुरतं, पट्टा आखूड धरून.

तिची मस्ती मी नाकाकडे वळवली. जुन्या टॉवेलच्या घड्यांत तिच्या खाऊचे दाणे लपवते. नाक खुपसून, फुरफुरत ती एकेक घडी उलगडते आणि मग खरंच दमून झोपते.

तोंड कितीही केविलवाणं केलं तरी गळ्यातला कोन, म्हणजे जखम चाटता येऊ नये म्हणून घातलेली शंकूसारखी कॉलर, काढू नका. चाटून टाके उसवायला वेळ लागत नाही. सकाळ-संध्याकाळ जखम बघा. सूज वाढली, पू किंवा वास आला तर थेट डॉक्टर गाठा. आणि आपल्या औषधांच्या डब्यातली आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी तर चुकूनही देऊ नका.