टोपी घातली आणि घरचा झाला

दसऱ्यानंतरच्या आठवड्यातली संध्याकाळ. आमटीला फोडणी टाकली होती आणि दाराची बेल थांबायलाच तयार नाही. उघडून बघते तर शेजारचे आजोबा. वय ऐंशीच्या पुढे, एक गुडघा बदललेला, आणि बाहेर एवढी थंडी असताना पायात नुसते मोजे. माझ्या पोटात धस्स झालं. वाटलं, आजींना काही झालं.

"ही इज कमिंग!" आजोबा म्हणाले.

मला वाटलं, डेन्व्हरचा नातू येतोय. म्हटलं, अरे वा, कधी? तर म्हणाले, पुढच्या जूनमध्ये. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांच्या लक्षात आलं, की या बाईला काहीच कळलेलं नाही. त्यांनी फोन पुढे केला. कुठल्यातरी लांबच्या राज्यातल्या शाळेची व्यायामशाळा, एक टेबल, टेबलावर चार महाविद्यालयांच्या चार टोप्या. बारावीतला एक पोरगा एका टोपीकडे हात नेतो, मागे घेतो, हसतो आणि निळी टोपी डोक्यावर चढवतो. मागे बसलेली आई रडते. आमच्या कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाला नवा पॉइंट गार्ड मिळाला.

हा व्हिडिओ आजोबांनी मला तीनदा दाखवला. तेवढ्यात आत फोडणी जळाली.

तुमच्यापैकी ज्यांचं बास्केटबॉल शाळेच्या पीटीच्या तासाला संपलं, त्यांच्यासाठी एकच सांगते. पॉइंट गार्ड म्हणजे चेंडू घेऊन वर येणारा आणि बाकी चौघांना कुठं पळायचं ते नुसत्या डोळ्यांनी सांगणारा. ढोलपथकात ताशेवाला असतो ना, तसा. ढोल कितीही असू देत, ताशा चुकला की सगळी मिरवणूक लंगडते.

आणि अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं आमचं लॉरेन्स हे गाव म्हणजे या खेळाचं देवस्थान. वस्ती ९५ हजारांच्या आसपास. आपल्या कोल्हापूरच्या एका कोपऱ्यात बसेल एवढं गाव. पण ज्या जेम्स नेस्मिथनं १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समध्ये पीचच्या टोपल्या कठड्याला ठोकून हा खेळ काढला, तोच १८९८ मध्ये इथं आला, इथल्या विद्यापीठाचा पहिला प्रशिक्षक झाला, आणि इथल्याच मातीत पुरला गेलाय. त्यानं टाइप केलेले मूळचे तेरा नियम, दोन कागद फक्त, २०१० साली लिलावात ४३ लाख डॉलरला गेले. ते आता स्टेडियमला लागून असलेल्या इमारतीत काचेमागे ठेवलेत. मजा अशी, की आजवरच्या प्रशिक्षकांत जिंकण्यापेक्षा जास्त हरलेला एकटाच आहे, तो म्हणजे खुद्द नेस्मिथ. ५५ विजय, ६० पराभव. हे गाव इतक्या कौतुकानं सांगतं, की मला पहिल्यांदा वाटलं मीच उलटं ऐकलं.

तर त्या रात्रीपासून गावात दुसरा विषय नाही. दुकानातली काउंटरवरची बाई, दाताचे डॉक्टर, पोस्टमन. दात कोरता कोरता डॉक्टर मला विचारतात, त्याचा डावा हात जरा कच्चा आहे असं नाही वाटत? तोंडात नळी असताना काय वाटणार? आजोबांकडे तर पोराची पत्रिकाच तयार होती. उंची, वजन, शाळेतले गुण, आजी कुठल्या चर्चमध्ये गाते ते. आपल्याकडे स्थळ बघताना इतकी चौकशी झाली असती, तर निम्मे घटस्फोट टळले असते.

यात एक नियम आहे, तो मला फार आवडला. पोरानं टोपी घातली म्हणजे नुसती सुपारी फुटली. कागदावर सही होईपर्यंत प्रशिक्षकाला त्याचं जाहीर कौतुक करता येत नाही. सगळ्या गावाला नाव पाठ, फक्त मुख्य माणसाच्या तोंडाला कुलूप. बिल सेल्फ २००३ पासून इथले प्रशिक्षक आहेत, दोन वेळा देशात पहिला नंबर आणलेला माणूस, आणि अवस्था आपल्या पणजीसारखी. धन्याचं नाव घ्यायचं नाही, नुसतं 'इकडून' म्हणायचं. नोव्हेंबरात सह्या झाल्या, तेव्हा मी आजोबांना उखाणा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यांना इतका पटला, की आता ते आजींचं नाव यमक जुळवून घेतात. यमक भयंकर असतं.

मी हसते खरी, पण हा नाद मला परका नाही. आमच्या घरी फुटबॉल होता. भाऊ पेठेतल्या संघाचा कट्टर (कुठल्या ते सांगत नाही, नाहीतर निम्मे वाचक इथंच निघून जातील). शाहू स्टेडियमवर सामना असला की दुपारी घरात जेवायला पुरुष माणूस नसायचा. आणि बाहेरच्याला आपलं करण्यात कोल्हापूरला कुणी शिकवू नये. शाहू महाराजांनी पंजाबातले पैलवान आणून त्यांना खुराक दिला, खासबागेसारखं मैदान बांधलं. अलीकडे नायजेरियाची पोरं पेठांच्या संघांतून खेळायला लागली, तर आमच्या गल्लीतल्या काकूंनी त्यातल्या एकाला पांढरा रस्सा वाढला होता, तांबडा सोसणार नाही म्हणून. त्यानं तांबडाच मागून घेतला. गल्लीत त्याचं नाव झालं ते गोलमुळं नव्हे, त्या रश्श्यामुळं.

हे मी आजोबांना सांगितलं. राड्यांचं नाही सांगितलं. दगडफेक, थांबवलेले सामने, स्टेडियमबाहेर पोलिसांची गाडी हे काही परदेशात सांगायचं नसतं. इथल्यांचेही गुण मी जाणून आहे म्हणा. खेळाडूनं दोन चेंडू हुकवले की सभ्य माणसं फोनवरून त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांना काय काय लिहितात, ते वाचवत नाही.

पण एक मान्य करायला हवं. ही माणसं वैरसुद्धा बाजूला ठेवतात. शेजारचं मिझुरी राज्य म्हणजे यांचं जुनं दुखणं. १८६३ च्या ऑगस्टमध्ये तिकडून आलेल्या टोळीनं हे गाव जाळलं, दीडशेच्या वर पुरुष आणि पोरं मारली. शाळेची सहल अजून त्या जागांवर जाते. आणि २०२२ ला अंतिम सामन्यात १६ गुणांची पिछाडी भरून नॉर्थ कॅरोलायनाला ७२-६९ हरवणाऱ्या आमच्या संघाचा पॉइंट गार्ड कोण? डेजुआन हॅरिस, मिझुरीच्या कोलंबिया गावचा! ज्या गावात मिझुरीचं विद्यापीठ आहे, त्याच गावचा. आजोबा त्याला 'आमचा पोरगा' म्हणतात. त्याआधीचा फ्रँक मेसन व्हर्जिनियाचा, २०१७ चा देशातला सर्वोत्तम खेळाडू, तोही 'आमचा पोरगा'. सगळी बाहेरची, सगळी आमची.

मी ते स्टेडियम आतून पाहिलंय. ॲलन फिल्डहाउस, १९५५ ची इमारत, बाहेरून एखाद्या जुन्या गिरणीसारखी. सामना सुरू व्हायच्या आधी पंधरा-सोळा हजार माणसं दिवे मंद झाल्यावर एका संथ सुरात 'रॉक चॉक, जेहॉक' म्हणतात (जेहॉक म्हणजे विद्यापीठाचं चिन्ह असलेला पक्षी). ओरडत नाहीत, काकडआरतीसारखं ओढून म्हणतात. माझ्या अंगावर काटा आला आणि मला स्वतःचाच राग आला, कारण माझा त्या सुराशी काय संबंध? आणि ओरडतात तेव्हा तर विचारूच नका. २०१७ मध्ये इथं १३०.४ डेसिबलची नोंद झाली, बंदिस्त जागेतल्या गर्जनेचा जागतिक विक्रम. आपल्या मिरवणुकांत डॉल्बी लावतात, हे नुसत्या घशावर!

आता जूनकडे येते, कारण ज्यासाठी लिहायला बसले ते तिथं आहे.

शनिवारी सकाळी मोठ्या दुकानात चादरींच्या रांगेत होते. पलीकडे एक बाई दोन उशा घेऊन उभी. एक दाबायची, नाकाशी न्यायची, ठेवायची, दुसरी दाबायची. शेजारी ढकलगाडीला रेलून एक पोरगा, हातपाय त्यालाच अजून सवयीचे नसावेत असे लांब. गाडीत टॉवेल, कपडे धुवायची पावडर, सीरियलची चार खोकी. आई म्हणत होती, ही मऊ आहे, पण मान दुखेल तुझी. पोरगा म्हणाला, मॉम, कुठलीही घे. अगदी त्याच सुरात मी सांगलीच्या मावशीनं दिलेल्या रजईबद्दल बोलले होते.

तो ओळखला सगळ्यांनी. पण कुणी जवळ गेलं नाही, फोन काढला नाही. फक्त एक म्हातारा, टोपी काढून, चालता चालता थांबला आणि म्हणाला, "वेलकम होम, सन."

आईनं उशी तशीच छातीशी धरली.

आणि मी तिथं चादरींसमोर उभी राहून चक्क चिडले. घरी? पहिलाच आठवडा त्याचा या गावात! उशी अजून घ्यायची आहे, आणि हे घर? मला सात वर्षं झाली. डॉक्टरेट इथली, कर इथं भरते, बर्फ मी फावड्यानं उपसते, आजोबांच्या दारासमोरचंसुद्धा. आणि मला गावात अजून काय विचारतात? 'सुट्टीला घरी जाणार का?' प्रेमानं विचारतात, त्यात काही वाईट नाही. पण सात वर्षांत एकदाही कुणी टोपी काढून तसं म्हणालं नाही. मी दर मिनिटाला सहा बास्केट टाकत नाही, हे कबूल. माझी प्रयोगशाळा बघायला सोळा हजार लोक येत नाहीत. त्या पोराला २०२१ पासूनच्या नियमानं नावावर पैसे कमावता येतात, २०२५ पासून विद्यापीठ थेटही देऊ शकतं. आमच्याकडं शिकवणाऱ्या पोरांचा पगार महिनाअखेरीला भाड्यात संपतो. आणि त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं गुपित असं, की तो चांगला निघाला तर एका वर्षात व्यावसायिक संघात जाणार, वाईट निघाला तर दुसऱ्या महाविद्यालयात. तरी त्याला कुणी म्हणत नाही, की गाव सोडून पळाला, आईबापाला विसरला. मला म्हणतात. गेल्या दिवाळीत मामानं जेवणाच्या पंगतीतच ऐकवलं. मीही इथं आले ती बरं काम मिळालं म्हणून, यात चूक काय आहे?

असं दोन दिवस मनातल्या मनात भांडत होते.

एक गोष्ट मात्र मी वर मुद्दाम गाळली. ती सांगायलाच हवी. मी पहिल्यांदा या भागात उतरले, तेव्हा कॅन्सस सिटीच्या विमानतळावर रात्री साडेअकराला माझ्या नावाची पाटी घेऊन एक तेलुगू मुलगा उभा होता. नावातली दोन अक्षरं चुकलेली. ऐंशी किलोमीटर गाडी चालवून आला होता, ओळख ना पाळख, भारतीय विद्यार्थ्यांच्या यादीत माझं विमान दिसलं एवढंच. मागच्या सीटवर स्टीलच्या डब्यात लिंबूभात. मी म्हटलं, भूक नाही. तो म्हणाला, अक्का, सगळे असंच म्हणतात. महामार्गावरच्या पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली मी तो डबा पुसून खाल्ला.

गेल्या पाच ऑगस्टांपासून त्या यादीत माझंही नाव आहे. यंदा वाट्याला लातूरचा मुलगा आला, सिव्हिल इंजिनिअरिंगवाला. रात्री दहाला मी गाडी काढतेय तोवर आजोबा कुंपणापाशी. एवढ्या उशिरा कुठं?

म्हटलं, नवा एक येतोय. आणायला चाललेय.

"काय खेळतो?"

म्हटलं, तो धरणं बांधायला शिकणार आहे.

आजोबांनी जरा विचार केला, मग गुडघा सांभाळत आत गेले आणि निळी टोपी घेऊन आले. कोरी, चिठ्ठी लटकत असलेली.

लातूरकर बाहेर आला तो दोन बॅगा, एक पाठपिशवी आणि डोळ्यांत तीस तासांचा प्रवास घेऊन. टोपी दिली, त्यानं मुकाट घातली, मोठी झाली. गाडी महामार्गाला लागेपर्यंत गप्प होता. मग टोपी काढून पुढचं चित्र न्याहाळलं, तो पिवळ्या चोचीचा निळा-लाल पक्षी, पायात बूट घातलेला.

"ताई, हा पोपट आहे का?"

म्हटलं, आधी तो मागचा डबा घे. लिंबूभात आहे.

म्हणाला, भूक नाही.