पहिलं घर आणि व्याज अनुदान: माझा अनुभव

पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मधलं व्याज अनुदान, म्हणजे गृहकर्जाच्या व्याजापोटी सरकार देतं ती मदत, १ सप्टेंबर २०२४ पासून मंजूर झालेल्या गृहकर्जांना लागू आहे. जास्तीत जास्त १.८० लाख रुपये मिळतात, पण पाच वार्षिक हप्त्यांत, म्हणजे वर्षाला ३६,००० रुपये. मी सगळं नियोजन या एका आकड्याभोवती केलं. २५ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता साधारण २२,५०० रुपये बसतो. म्हणजे अनुदान वर्षातले दीड हप्ते भरतं. ते डाउन पेमेंटच्या कामाला येत नाही, आणि खरी ओढाताण तिथेच असते.

आधी पात्रता, कारण अर्ज इथेच अडकतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, कार्पेट एरिया (घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र) १२० चौरस मीटरपर्यंत. ४ टक्के अनुदान पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर आणि कमाल १२ वर्षांच्या मुदतीवर मोजतात. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. त्यामुळे दोघांचे पगार एकत्र धरायचे. भारतात कुठेही यांच्यापैकी कुणाच्या नावावर पक्कं घर नको, आणि मागच्या २० वर्षांत कुठल्याही सरकारी योजनेतून घर मिळालेलं नको. वडिलांच्या नावावरचं गावचं घर विवाहित मुलाला आड येत नाही. मात्र वडील गेल्यावर वारसनोंद होऊन ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरांच्या नोंदीच्या उताऱ्यावर) तुमचं नाव लागलेलं असेल, तर गोष्ट वेगळी. तो उतारा अर्जाच्या आधी काढून बघावा.

आता पैशांचा हिशोब. पुण्यातलं बांधकाम चालू असलेलं ३२ लाखांचं घर धरू. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं, म्हणून बँकेतला माणूस २८ लाखांचं कर्ज आनंदाने सुचवेल. ते घेतलं की अनुदान गेलं, कारण मर्यादा एकूण कर्जाला आहे. तेव्हा कर्ज २५ लाख, स्वतःचे ७ लाख. मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के आहे. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत, म्हणजे ६ टक्क्यांनी शुल्क १.९२ लाख. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,००० रुपये. परवडणाऱ्या घराला जीएसटी १ टक्का, म्हणजे ३२,००० रुपये. (पुणे जीएसटीच्या महानगर यादीत नाही, त्यामुळे इथे ९० चौरस मीटरपर्यंत हा दर लागतो. मुंबईत ६०. किंमत दोन्हीकडे ४५ लाखांच्या आत हवी.) बेरीज ९.५४ लाख. बँकेची प्रोसेसिंग फी आणि तारणाच्या नोंदणीचा खर्च याच्या वर. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी घराच्या किमतीत धरून त्यावर कर्ज मिळत नाही. फक्त १० लाखांपर्यंतच्या घराला त्यात सूट आहे.

नाव कुणाचं लावायचं, यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. योजनेला बाईचं एकटीचं नाव चालतं, दोघांचं संयुक्तही चालतं. मुद्रांक शुल्काच्या सवलतीला पुरुषाचं नाव सोबत चालत नाही. वरच्या घरात ही सवलत ३२,००० रुपयांची आहे. नवऱ्याचा पगार कर्जाला लागत असेल तर तो सहकर्जदार होऊ शकतो, त्यासाठी त्याला मालक व्हावं लागत नाही. पण मालक नसेल तर हप्ता भरूनही त्याला व्याजावरची आयकर वजावट मिळत नाही. तो नव्या करप्रणालीत असेल तर राहत्या घरावर ती वजावट तशीही नाही, मग बाईचं एकटीचं नावच फायद्याचं.

क्रम असा ठेवला. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम द्यायची नाही, रेरा कायद्याच्या (बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या) कलम १३ ने त्याला ती मागताही येत नाही. मग मुद्रांक शुल्क, नोंदणी, त्यानंतर स्वतःच्या वाट्याची उरलेली रक्कम, आणि शेवटी बँकेचा पहिला चेक. कर्ज देणारी संस्था या योजनेत सामील आहे का, हे मंजुरीपत्राच्या आधी विचारायचं. नंतर विचारून उपयोग नाही.

ऑनलाइन अर्जात घटक निवडताना ‘व्याज अनुदान’च निवडायचं. बाकीचे घटक स्वतःच्या जागेवर बांधकाम, सरकारी किंवा खासगी संस्थांच्या भागीदारीत बांधलेली घरं आणि भाड्याची घरं यांच्यासाठी आहेत. आधारवरचं, पॅनवरचं आणि करारनाम्यातलं नाव अक्षरशः सारखं हवं. लग्नानंतर आडनाव एकीकडे बदललं आणि दुसरीकडे नाही, ही नेहमीची अडचण. ती करारनाम्याच्या आधी सुटली तर आधार केंद्रात एक फेरी, नंतर सुटायची तर चूकदुरुस्ती दस्त.

मंजुरीनंतरही एक खाच आहे. अनुदानाचा प्रत्येक हप्ता सुटताना कर्ज चालू हवं आणि मुद्दल ५० टक्क्यांहून जास्त शिल्लक हवी. बोनस, भिशी, सोनं मोडून आलेले पैसे असं सगळं कर्जात ओतून पहिल्या पाच वर्षांत २५ चे १२ लाख केले, की उरलेले ३६,००० चे हप्ते बंद. याच योजनेच्या आधीच्या टप्प्यात अनुदान एकरकमी, कमाल २.६७ लाखांपर्यंत कर्जखात्यात पडायचं, ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. सुरुवातीलाच मुद्दल कमी झाली की व्याज सगळ्या वर्षांचं वाचतं. पाच तुकड्यांत तो परिणाम कमी होतो. म्हणून जादा पैसे मी अनुदानाच्या पाचव्या हप्त्यापर्यंत मुदत ठेवीत ठेवायचे ठरवले, कर्जात नंतर टाकायचे.